धुऊन लख्ख केलेल्या पितळी पुंगळ्या ठेवायच्या कुठे आणि कशा?

ह्यूस्टनचा बाळू
नमस्कार मंडळी. नेमबाजीचा छंद असलेले इथे थोडेच आहेत, पण जे आहेत ते पक्के आहेत, म्हणून इथेच विचारतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी, बुडातला प्रायमर (ठोका बसला की पेट घेणारी छोटी टोपी), आतली दारू आणि टोकाची गोळी. बार काढला की प्रायमर, दारू आणि गोळी कामातून जातात, पुंगळी मात्र पुन्हा वापरता येते. आणि चौघांत सहसा महागही तीच. म्हणून अमेरिकेत हौशी लोक ती गोळा करतात, धुतात आणि घरच्या घरी पुन्हा भरतात. याला रीलोडिंग म्हणतात.

तर २२३ आणि ९ एमएम या मापांच्या बऱ्याच पुंगळ्या जमल्या होत्या, त्या या सुट्टीत धुऊन काढल्या. ओल्या टंबलरमध्ये (पुंगळ्या घोळवून धुणारं फिरतं पिंप) स्टीलच्या बारीक पिना, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड. अगदी नवीन दिसताहेत. पण सगळ्या लगेच भरायच्या नाहीत. काही वर्षभर तरी पडून राहतील.

जागा दोन आहेत. एक गॅरेज, पण ह्यूस्टनची दमट हवा इथल्यांना सांगायला नको. दुसरी लाँड्रीची खोली. ती घरातच आहे, एसी आहे, वरचं शेल्फ रिकामं आहे, खाली फक्त मांजराची पेटी असते. मी लाँड्रीकडे झुकलोय. आता डबे कुठले घेऊ? झाकणाच्या बादल्या, झिपलॉकच्या पिशव्या की लष्करी डबे? एक जण म्हणतो हवाबंद ठेव, दुसरा म्हणतो हवा खेळती हवी. तुम्ही काय करता?

काथ्याकूट
एक मिनिट. घरी काडतुसं भरता? आणि पोलीस काही म्हणत नाहीत? प्रामाणिक शंका आहे, टोमणा नाही.

ॲरिझोनाची आत्या
काथ्याकूट, शंका बरोबर आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायला बनवलीत तर लागतो. राज्याराज्यांचे नियम वेगळे, ते ज्याचे त्याने बघावेत.

पण आपल्या लोकांसाठी यात एक मोठी गोम आहे, आणि ती कुणी सांगत नाही. एच-वनबीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून. आणि त्या कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या वाचा: त्यात भरलेल्या काडतुसाबरोबर नुसती पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू हेही धरलंय. म्हणजे रेंजवर सहज खिशात टाकलेली रिकामी पुंगळीही व्हिसावाल्याला महागात पडू शकते. बाळू, तुझं ग्रीनकार्ड झालंय ना?

ह्यूस्टनचा बाळू
झालंय आत्या, कधीच. पण ही पुंगळीची व्याख्या मला माहीत नव्हती. आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांना सांगतो. ते रेंजवर येतात आणि आठवण म्हणून दोन-चार उचलतात.

कोल्हापुरी नेम
आठवण म्हणून उचलून भारतात तर अजिबात आणू नका. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात. किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेली पुंगळी विमानतळावर एक्सरेमध्ये दिसली की पुढचे सगळे बेत कोलमडतात. कोर्टात पुढे सुटाल कदाचित, पण तोवर?

एनसीसी केलेल्यांना आठवत असेल, फायरिंग झालं की जितक्या गोळ्या दिल्या तितकी खोकी, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, परत मोजून द्यायची. एक कमी पडलं की सगळी तुकडी गवतात वाकून शोधत बसायची.

ओहायोकर
मूळ प्रश्नाकडे येतो. डबा कुठला हा नंतरचा प्रश्न. आधी सांग, वाळवल्यास कशा?

ओल्या टंबलरमधून काढलेली पुंगळी बाहेरून कोरडी दिसते आणि आत पाणी असतं. मुख्य जागा म्हणजे बुडातला प्रायमरचा खळगा आणि त्याच्या वरचं बारीक छिद्र. जुना प्रायमर न काढताच धुतलंस तर पाणी त्याच्या मागे अडकतं आणि आठवडाभर हलत नाही. मी क्रम असा ठेवतो: आधी नुसता प्रायमर काढणारी डाय (पुंगळी ज्यात दाबतात तो साचा) लावून प्रायमर काढायचे, मग धुवायचं, मग गरम पाण्यात खळबळून काढायचं, मग जुन्या टॉवेलात झोळी करून हलवायचं. त्यानंतर फळं वाळवायच्या डीहायड्रेटरमध्ये तासभर. हा डीहायड्रेटर फक्त याच कामाचा, त्यात परत आंबापोळी करायची नाही.

ऊन कडक असेल तर जुन्या चादरीवर कुरडयांसारखं वाळवण घातलं तरी चालतं. ओव्हन वापरणारे शंभर अंश सेल्सिअसच्या आतच राहतात. जास्त तापवून फायदा काहीच नाही, आणि पुंगळीचं बूड नरम पडलं तर ती फेकायचीच. बुडानेच सगळा दाब झेलायचा असतो.

आणखी एक. पिना मोज. २२३ ची मान, म्हणजे गोळी बसते तो तोंडाकडचा भाग, अरुंद असते, दोन पिना एकमेकींना अडून आत राहतात. डब्यात टाकायच्या आधी प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून बघ. कंटाळा येतो, पण पर्याय नाही.

रसायनी
बाळू, सगळं सोडा आणि आधी ती मांजराची पेटी तिथून हलवा. नाहीतर पुंगळ्या हलवा. दोघांना एका खोलीत ठेवू नका.

मांजराच्या मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो, आणि पितळेचा दमट हवेपेक्षा कितीतरी मोठा शत्रू अमोनिया आहे. दमट हवेने पितळ काळवंडतं, फार तर कुठे हिरवा कळंक धरतं. अमोनियाने त्याला तडे जातात. अमोनिया, थोडी ओल, हवेतला प्राणवायू आणि धातूत दडलेला ताण एकत्र आले की तांबं अमोनियाशी संयुग करून विरघळायला लागतं. तेही पृष्ठभागावर सगळीकडे सारखं नाही, तर धातूच्या कणांच्या सीमांवरून आत आत. बाहेरून पुंगळी चकचकीत दिसते आणि मान उभी चिरलेली असते.

ताण कुठून येतो? पुंगळी बार काढताना फुगते, मग आपण ती डायमध्ये दाबून परत मापात आणतो. दर वेळी मान थोडी कडक होते आणि ताण आत उरतो. भरलेल्या काडतुसात तर मान गोळीला कायम आवळून धरलेली असते, म्हणून ती फडताळात नुसती पडल्यापडल्याही तडकू शकते.

त्याच खोलीत काचा पुसायचं अमोनियावालं द्रावण असेल तर तेही काढा. गॅरेजमध्ये हिरवळीला घालायच्या खताची पोती असतील तर तीही लांब. आणि ब्रासोसारखी अमोनिया असलेली पॉलिशं पुंगळीला लावायची नाहीत. देवघरातल्या समईला लावा, तिच्यात कुणी दारू भरत नाही.

ह्यूस्टनचा बाळू
बाप रे. मांजर बायकोचं आहे, म्हणजे हलणार पुंगळ्याच.

खडकीकर
रसायनीताईंनी नेमकं बोट ठेवलंय. या रोगाचं नावच मुळी आपल्याकडच्या पावसाळ्याने दिलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी नोकरी दारूगोळ्याच्या पितळाशीच गेली, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेत असं चाले, की पावसाळा लागला की मोहिमा थंडावत आणि काडतुसांचा साठा कोरडे दिवस येईपर्यंत घोड्यांच्या पागेत जाई. छप्पर पक्कं, पहारा आयता. पावसाळा संपल्यावर पेट्या उघडल्या की पुष्कळ पुंगळ्या तडकलेल्या निघत, आणि त्याही बहुतेक मानेशी, जिथे पुंगळी गोळीवर आवळलेली असते तिथे. साहेबांनी याला सीझन क्रॅकिंग म्हटलं, सीझन म्हणजे आपला पावसाळा. दोष हवेला दिला. खरं कारण कळायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं की पावसाळा निमित्तमात्र, खरा गुन्हेगार घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि त्याला साथ ओढून घडवलेल्या पितळात उरलेल्या ताणाची. बाळूरावांची लाँड्रीची खोली ही एक छोटी पागाच आहे.

आता ताण येतो कसा ते. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पत्र्याची चकती कापायची, तिची वाटी करायची, आणि ती वाटी साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढत लांब नळी करायची. दर ओढीला पितळ कडक होतं. तसंच पुढे ओढलं तर फाटेल, म्हणून मधे मधे भट्टीत घालून नरम करायचं. शेवटी बूड ठोकून ठसा उमटवायचा, खांदा आणि मान बसवायची, आणि मानेला पुन्हा एक शेक द्यायचा. बूड कडक राहिलं पाहिजे, मान नरम. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ती या शेकाची. डाग समजून घासत बसू नका. नागरी बाजारात विकणारे ती पॉलिश करून घालवतात, इतकाच फरक.

पितळात ताण उरलाय का हे बघायची जुनी रीत म्हणजे मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात नमुना बुडवायचा. ताण असेल तर डोळ्यांदेखत तडा जातो. ही रीत घरी करायची नाही, पारा आहे तो.

आमचा खडकीचा कारखाना १८६९ चा. दीडशे वर्षांत काडतुसं बदलली, पण साठवणीचे नियम फारसे बदलले नाहीत: कोरडी जागा, सारखं तापमान, जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब, आणि जनावरं, खतं, रसायनं यांच्यापासून दूर.

काथ्याकूट
काका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. मी बंदूक जन्मात धरली नाही, तरी दोनदा वाचला.

चिंचगूळ
खडकीकर काकांना दंडवत. माझी बाळबोध शंका: साबण आणि सायट्रिक ॲसिड कशाला, आपली चिंच किंवा पितांबरी का नाही? आमच्याकडे पितळेचे डबे पिढ्यान्‌पिढ्या याच्यावर चमकताहेत. आणि कल्हईवाल्याकडून आतून कल्हई करून घेतली तर पुंगळी कधी कळकणारच नाही, काय म्हणता? (शेवटचं गमतीत.)

रसायनी
गमतीत म्हणालात म्हणून बरं. कल्हईवाला भांडं तापवून कथलाबरोबर काय टाकतो? नवसागर. तो अमोनियम क्लोराइड आहे, नाकात झोंबणारा तो धूर त्याचाच. वर भांडं चांगलंच तापवतात म्हणजे बूडही नरम. दोन्ही कारणांनी ती पुंगळी मेली.

चिंचेचं म्हणाल तर आम्ल हे आम्लच. लिंबू, चिंच, व्हिनेगर, सगळी पितळावरचा काळा थर विरघळवतात, पण जास्त वेळ ठेवली की पितळातलं जस्त निघून जातं आणि वर तांब्याचा गुलाबी थर राहतो. समईवर हे फार तर वाईट दिसेल, पुंगळीच्या बाबतीत तो भाग कमकुवत झाला असं समजायचं. म्हणून सायट्रिक ॲसिड अगदी थोडं, थोडा वेळ, आणि नंतर भरपूर पाण्याने धुणं. चिंचेचा कोळ आत चिकटून राहील तो वेगळाच. घासायच्या पावडरी भांड्यांसाठी ठीक आहेत, पण त्यांची रवाळ पूड पुंगळीत राहिली तर ती डायला आणि बंदुकीच्या नळीला ओरखडे काढेल.

गुलाबी डाग पडलेली पुंगळी मी बाजूला काढते. मान उडाली तर पैसे जातील, बूड उडालं तर डोळा.

टॅम्पावाला
हवाबंद की हवा खेळती, यावर माझं मत. फ्लोरिडात राहतो, म्हणजे बाळू आणि मी एकाच दमट नावेत. मी सगळं जाळीच्या पिशव्यांत टांगून ठेवतो. कधी काही झालं नाही. हवाबंद डब्यात घालणं म्हणजे राहिलेली ओल आत कोंडणं.

ओहायोकर
टॅम्पावाले, ओल राहिली असेल तर डबा नाही, वाळवणं चुकलं. पूर्ण कोरड्या पुंगळीला हवाबंद डब्याइतकं चांगलं काही नाही. जाळीच्या पिशवीत वर धूळ बसते, आणि रेतीचा एक कण डायमध्ये गेला की पुढच्या प्रत्येक पुंगळीवर ओरखडा.

टॅम्पावाला
धूळ मान्य. पण नवा माणूस पूर्ण कोरडं म्हणजे किती कोरडं हे ओळखणार कसं? म्हणून त्याला जाळी सुरक्षित.

ओहायोकर
मधला मार्ग आहे. वाळवल्यावर दोन-तीन दिवस उघड्या ट्रेमध्ये घरातल्या एसीत ठेवायच्या, मग डबा. डब्यात सिलिका जेलची पुडी आणि सोबत आर्द्रतेचा रंग बदलणारा कागद. कागदाचा रंग बदलला तर डबा उघडून परत वाळव. सिलिका जेल फेकायचं नसतं, मंद भट्टीत तापवून ओल घालवली की परत कामाला येतं. शक्यतो नारिंगी रंगाचं घे. जुन्या निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं, ते विषारी.

डबा म्हणशील तर रबरी कडा असलेला लष्करी पत्र्याचा डबा उत्तम, पण गच्च भरायचा नाही. २२३ ची एक पुंगळी साधारण ६ ग्रॅम, हजार म्हणजे ६ किलो. वरच्या शेल्फवरून उतरवताना कंबर आठवते. वजनाचा एक फायदा मात्र आहे: शंभर मोजून तोलायच्या, मग बाकीच्या वजनावरून मोजायच्या. त्यासाठी एकाच ठशाच्या हव्यात, कंपनीगणिक वजन बदलतं.

टॅम्पावाला
हे पटलं. ट्रे करून बघतो. जाळी सोडणार नाही, पण बाहेरून झाकण्याची पिशवी घालतो.

ॲरिझोनाची आत्या
तुम्ही सगळे ओलीच्या मागे लागलात. आमच्याकडे वाळवंटात ओल शोधूनही मिळत नाही, तरी माझ्या मते खरा धोका साठवणीतच आहे आणि तो म्हणजे सरमिसळ. काळवंडलेल्या पुंगळीने कुणाचं काही बिघडत नाही. काळी पुंगळी चकचकीत पुंगळीइतकीच नेमकी मारते. चुकीच्या डब्यातली पुंगळी मात्र रायफल फोडते.

उदाहरण देते. ३०० ब्लॅकआऊटची पुंगळी पुष्कळ जण २२३ ची कापून बनवतात. बुडावरचा ठसा अजून २२३ चाच. हे काडतूस भरून चुकून २२३ च्या रायफलीत गेलं, तर काही वेळा आत बसतंही. गोळी नळीपेक्षा जाड. पुढे काय होतं ते सांगायला नको. माझ्याकडे ही दोन मापं एका खोलीतही नसतात. ३०० चे डबे लाल, २२३ चे हिरवे, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा.

लहान मापात आणखी एक खोडी: ९ एमएमची पुंगळी ४० च्या पोटात गुपचूप बसते, ४० ची ४५ च्या. टंबलरमध्ये एकदा बसली की आतली धुतलीही जात नाही आणि वाळतही नाही. म्हणून धुवायच्या आधी चाळायचं, नंतर नाही. वेगवेगळ्या भोकांच्या प्लास्टिकच्या चाळण्या मिळतात, एकावर एक बसणाऱ्या. ४५ मध्ये तर लहान आणि मोठा असे दोन मापांचे प्रायमर येतात, ते बुडाकडे बघूनच वेगळे करावे लागतात.

डब्यावर काय लिहायचं: माप, बुडावरचा ठसा, किती वेळा उडवली, मानेला शेक दिला का, कापून मापात आणली का. २२३ ची कमाल लांबी १.७६० इंच, कापून १.७५० ला आणतात. प्रत्येक वेळी लांबी थोडी वाढते, आणि लांबलेली मान चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं ती जागा) टोकाला अडून गोळी आवळते. कितव्यांदा उडवली हे नाही लिहिलं तर बूड फाटायच्या बेतात आलेली पुंगळी आणि नवी पुंगळी एकाच डब्यात आणि दोन्ही सारख्याच चकचकीत. म्हणून एका तुकडीच्या पुंगळ्या शेवटपर्यंत एकत्र ठेवायच्या, आणि एक भंगारात गेली की सगळ्यांकडे संशयाने बघायचं.

लेबल झाकणावर लावू नका. झाकणं बदलतात. डब्याला लावा, आणि आत एक चिठ्ठी टाका.

खडकीकर
आत्याबाई, शंभर टक्के. झाकणाचा मुद्दा तर फ्रेम करून लावावा असा.

ठशाबद्दल थोडी भर. बुडावर एलसी असेल तर ती मिसुरीतल्या इंडिपेंडन्सच्या लेक सिटी कारखान्याची, १९४१ पासूनचा. शेजारचे दोन आकडे वर्षाचे. वर्तुळात अधिकचिन्ह म्हणजे नाटोचं मानक. या पुंगळीत प्रायमर हलू नये म्हणून त्याच्या कडेला धातू चेपलेला असतो. जुना प्रायमर निघतो, पण नवा बसताना अडतो. ती चेपलेली कड काढल्याशिवाय भरू नका, आणि काढली की नाही हेही लेबलवर.

कोल्हापुरी नेम
आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. पन्नास मीटरवर मारतो ते २२ रिमफायर. त्यात वेगळा प्रायमर नसतो, स्फोटक रसायन बुडाच्या कडेतच असतं आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. एकदा चेपली की पुंगळी संपली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून नेम) जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं ब्रॉन्झ आणलं, दोन्ही याच मापावर. आमची सगळी मेहनत कुठल्या लॉटचं काडतूस आपल्या नळीला जमतं ते शोधण्यात.

पण साठवणीचं एक आमच्या कामाचं: चामड्याचा पट्टा. आजोबांचा शिकारीच्या काळातला काडतुसांचा पट्टा घरी होता. चामडं कमावताना वापरलेल्या रसायनांमुळे त्यात पितळ ठेवलं की हिरवा मेणासारखा थर धरतो. पट्टा शोभेला, काडतुसं डब्यात.

टॅम्पावाला
हे खरंय. आणि रबरबँड. त्यातल्या गंधकाने जिथे रबर टेकतं तिथे काळी रेघ उठते. नुसती दिसायला वाईट, पण तरी.

गॅरेजवाल्यांना आणखी एक: कुंभारीण माशी. उघडं तोंड वर करून ठेवलेल्या पुंगळ्या म्हणजे तिला आयती घरं. आत चिखल भरून जाते. भरायच्या आधी लक्षात आलं नाही तर आत दारूला जागा कमी आणि दाब भलताच. तोंड खाली करून ठेवा किंवा झाका.

दोन पोरांची आई
मी या छंदातली नाही, नवरा आहे. सगळे पितळाच्या तब्येतीचं बोलताय, माणसांचं कुणी बोलेना. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. बार काढलेल्या पुंगळीतली काजळी शिशाची असते. सुक्या टंबलरची भुशाची धूळ आणि ओल्या टंबलरचं ते काळं पाणी, दोन्हीत शिसं. स्वयंपाकघरातली चाळणी, ओव्हन, परात यातलं काहीही वापरायचं नाही. काळं पाणी भांडी घासायच्या सिंकमध्ये ओतायचं नाही. सुका टंबलर घरात नाही, आणि चालू असताना झाकण उघडायचं नाही. धुतलेल्या पुंगळ्या हाताळल्यावरही हात साबणाने धुवायचे, गार पाण्याने. आमच्याकडे पुंगळ्यांच्या डब्यांना कुलूप आहे, कारण चकचकीत पितळ दिसलं की धाकटी शिट्टी वाजवायला तोंडाला लावते.

ह्यूस्टनचा बाळू
ताई, हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. कुलूप लावतोच.

आता मी काय ठरवलंय ते. लाँड्री रद्द. गॅरेजही रद्द. अभ्यासिकेतलं कपाट, तिथे एसी आहे आणि मांजराला मज्जाव आहे. पुंगळ्या ट्रेमध्ये पसरल्यात, मग रबरी कडेचे डबे, सिलिका जेल नारिंगी. ९ एमएम आणि २२३ चे रंग वेगळे.

दोन प्रश्न उरले. एक, डायमध्ये दाबून मापात आणून ठेवू की तशाच? दोन, सवड आहे तोवर नवे प्रायमर बसवून ठेवले तर?

ओहायोकर
एक: तशाच ठेव. डब्यात आदळून तोंडं थोडी चेपतात, नंतर डायमध्ये घातलं की सरळ होतात. आधीच मापात आणून ठेवलंस तर चेपलेली परत दाबावी लागतील, म्हणजे मानेला जादा ताण. डायसाठी लावलेलं वंगण राहिलं तर त्याला धूळ चिकटते, ते वेगळं. ओल्या टंबलरमधून मान आतून इतकी स्वच्छ निघते की गोळी बसवताना जोर लागतो. भरताना तोंडाला ग्रॅफाइटचा कोरडा हात लावतात. ते भरण्याच्या दिवशी बघ.

काळवंडूच नयेत असं वाटत असेल तर शेवटी मक्याच्या कणसाच्या सुक्या भुशात चमचाभर कार पॉलिश घालून फिरवतात. पातळ मेणाचा थर बसतो. फक्त अमोनिया नसलेलं बघून घे. मी करत नाही, मला काळी पुंगळी चालते.

ॲरिझोनाची आत्या
दोन: प्रायमर बसवलेली पुंगळी ही आता रिकामी पुंगळी राहिली नाही. तिला टंबलरमध्ये परत घालायचं नाही, तेल लागू द्यायचं नाही, आणि रिकाम्या पुंगळ्यांच्या डब्यात मिसळायची नाही. ठेवायचीच तर प्रत्येकीला खाच असलेल्या प्लास्टिकच्या पेटीत, वर ठळक प्रायमर आहे असं लिहून. मी स्वतः बसवून ठेवत नाही. सहा महिन्यांनी कुठला प्रायमर बसवला हे आठवत नाही, आणि भरण्याच्या पुस्तकातला प्रत्येक आकडा ठरावीक प्रायमर धरून दिलेला असतो.

आणि सुटे प्रायमर कधीही बरणीत ओतून ठेवायचे नाहीत. कंपनीच्या मूळ पेटीत प्रत्येकाला वेगळा खण असतो तो उगाच नाही. बरणीत एक उडाला तर सगळे एकदम उडतात, आणि बरणीच्या काचांसकट.

ह्यूस्टनचा बाळू
समजलं. प्रायमर बसवत नाही. लेबलं छापायला घेतो. माप, ठसा, किती वेळा, शेक, लांबी, चेपलेली कड काढली की नाही, आणि धुतल्याची तारीख. अजून काही?

काथ्याकूट
तारीख कशी लिहिणार? ०३-०४ म्हणजे आपला तीन एप्रिल की तिकडचा चार मार्च?

ॲरिझोनाची आत्या
महिना अक्षरात लिही रे बाळू. आमच्या घरात यावरून मसाल्याचे डबेसुद्धा भांडण लावतात.